न तपासलेली एकोणतीस पानं

पळस फुलला की माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट दुखायला लागतं. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, लाल पेन हातात धरून तेवढीच झाली, तरी फेब्रुवारी सरत आला की बोट आपलं काम सुरू करतं. लोकांना पळस दिसला की गाणी सुचतात. मला गठ्ठे दिसतात. कापडात शिवलेले, सुतळीनं करकचून बांधलेले, दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आर्णीच्या आमच्या घराच्या वऱ्हांड्यात ते येऊन पडायचे आणि मार्चअखेरपर्यंत नवऱ्याला बसायला जागा उरायची नाही.

या हंगामाला एक वास आहे. शेवटच्या वेचणीचा कापूस घरात भरलेला असतो, त्याचा कोंदट गोडसर वास. मागच्या अंगणात रचलेल्या तुराट्यांचा वास. दुपारी बारानंतर तापलेल्या पत्र्याचा. आणि या सगळ्यांत मिसळलेला शाईचा आणि पोट्ट्यांच्या घामेजलेल्या हातांचा वास, जो उत्तरपत्रिका उघडली की भसकन नाकात शिरतो. घाबरलेल्या माणसाचा वास कागदाला लागतो हे मी शपथेवर सांगू शकते. मला तो आवडायचा. खोटं कशाला बोलू?

यंदा गठ्ठा येणार नाही अशा भरवशावर मी निवांत बसले होते, तर आला. एकच, जाडजूड, खाकी कागदातला. आत पुस्तक. 'आभाळातली लदेणी', लेखक हिरामण आडे. आडे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. पुस्तक त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं, यवतमाळात छापून घेतलंय. कव्हरवर बैल आहे, शिंगांना लाल दिवे लावलेला. हातात घेतलं तर मनगट लचकलं. एवढं जाड पुस्तक आमच्याकडे लोक उशाला घेतात, वाचत नाहीत. पण हे वाचून राह्यले आहेत. कॉलेजची पोरं एसटीत वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात, आणि सगळ्यात जास्त कशाला हसतात, तर मला. ते कसं, ते सांगते.

बारा वर्षांपूर्वीचा असाच मार्च. आडे सर सात लांबलचक वह्या सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आले. मूळचे तांड्यावरचे, बोलायला अगदी मऊ. घरात बंजारा बोली, शाळेत वऱ्हाडी, आणि माझ्याशी बोलताना वऱ्हाडीत मिसळलेली जरा पुस्तकी मराठी, कारण मी मराठीची मॅडम. वऱ्हांड्यात उभं राहूनच म्हणाले, "मॅडम, कादंबरी लिहिली जी. अकराशे चाळीस पानं झाली. तुम्ही वाचून सांगतलं तं पुढं पाहीन, नाही तं राहू देईन."

नाही तं राहू देईन. माणसानं असं बोलू नये. समोरचा माणूस चांगला आहे असं धरून चालणाऱ्यांचं वाटोळं होतं, आणि मी तर तालुक्यात कडक म्हणून नाव काढलेली बाई होते.

कादंबरी अशी. दिग्रसच्या बाजूचा एक तांडा. चारशे बैल, पाठीवर मिठाच्या गोण्या. बैलांवर माल लादून मुलूखभर पोचवायचा हा बंजाऱ्यांचा जुना धंदा, त्यालाच लदेणी म्हणतात. तर एका सरकारी अर्जात 'जाण्याचे ठिकाण' या रकान्यात कारकून कंटाळून 'सर्वत्र' असं लिहितो. अर्ज मंजूर होतो. मंजूर झाला म्हणजे जावंच लागतं, म्हणून तांडा बैलांसकट आभाळात जातो, आणि ग्रहाग्रहांवर मीठ विकत फिरतो. एका ग्रहावर माणूस मेला तरी तलाठ्याचा दाखला मिळेपर्यंत मेला असं धरत नाहीत, त्यामुळे तो सबंध ग्रह मेलेल्यांच्या रांगांनी भरलेला. रांगेतले मेलेले एकमेकांना "तुमचा नंबर कितवा?" विचारतात.

आता हे चांगलं आहे की वाईट? मला आजही ठरवता येत नाही. चंद्रावरच्या जनगणनेची ऐंशी पानं आहेत, ती वाचताना मी देवाची, मग बाबासाहेबांची, मग नवऱ्याची आठवण काढली. त्रेचाळीस पात्रं पहिल्या शंभर पानांत येतात. नायिका नव्वदाव्या पानावर पाणी आणायला जाते ती थेट सातशेव्या पानावर उगवते आणि म्हणते, "बस चुकली होती." तिसरा भाग कोणी पूर्ण वाचला असेल तर त्याला माझ्या खर्चानं जेवण. आणि तरी, मधेच एखादं वाक्य असं यायचं की पेन हातात तसंच राहायचं. मी पंचवीस वर्षं मराठी शिकवत होते. शुद्धलेखन माझं, अलंकार माझे, वृत्तं माझी. आणि कादंबरी लिहिली कोणी? परीक्षानळ्या धुणाऱ्या मास्तरानं. हे मला पचलं नाही. नाही पचलं तर नाही पचलं, आता लपवून काय करू?

वऱ्हांड्यात दोन ढीग होते, डावीकडे उत्तरपत्रिका, उजवीकडे आडे सरांच्या वह्या. मी दोन्हींना एकच लाल पेन लावलं. चुकून लावलं असं पुढं बरेच दिवस सांगत होते. चुकून काही नाही, ठरवून लावलं. 'पाल्हाळ.' 'विनोद अस्पष्ट, पुन्हा लिहा.' 'नायिका कुठे?' 'बैलांना प्राणवायू कोण पुरवतो?' 'उत्तर प्रश्नाला धरून नाही.' पान अठ्ठावीसवर लिहिलं, 'तांडा आभाळात का गेला? सबळ कारण द्या.' अकराशे चाळीस पानांचा समास मी लाल करून टाकला.

एकोणतीस पानं सोडून.

सहाशे बारा ते सहाशे चाळीस. तिथं तांडा परीक्षकांच्या ग्रहावर उतरतो. त्या ग्रहावरची माणसं शंभर गुण घेऊन जन्माला येतात आणि वागण्यातल्या चुकांपायी गुण कापले जातात, शून्य झालं की खलास. ग्रहाची मुख्य परीक्षक एक बाई असते. कपाळावर लाल शाईचं कुंकू, हातात स्टीलचा डबा, डब्यात भाकर आणि ठेचा. नवऱ्यानं केलेल्या चहाला ती साडेतीन गुण देते आणि वर सांगते, "अर्धा गुण कपाच्या कानासाठी." ही बाई तांड्याच्या ढवळ्या नावाच्या बैलाला परीक्षेला बसवते. ढवळ्या उत्तरपत्रिका खाऊन टाकतो. आता नियम असा की पान कोरं नसेल तर तपासलंच पाहिजे. म्हणून सगळे परीक्षक बैलामागं दीड दिवस उभे राहतात, उत्तर बाहेर यायची वाट बघत.

मी तेव्हा पेन खाली ठेवलं. टोपण लावून ठेवलं, हे मला नीट आठवतं. आणि हसले. भर दुपारी, वऱ्हांड्यात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून, पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी. चष्मा गठ्ठ्यांमागं पडला. आतून नवरा आला. "काहून हसून राह्यली इतकी? बरं आहे ना?"

"काही नाही," मी म्हणाले. "एका पोट्ट्यानं निबंधात भलतंच लिहिलंय."

कुंकू मी लावत नाही. पण डबा माझा होता, ठेचा माझा होता, आणि चहाचं तर मी स्टाफरूममध्ये स्वतःच सांगितलं होतं. आडे सरांनी मला पुरतं ओळखलं होतं आणि ओळखूनही त्या बाईवर माया केली होती. शेवटी शेवटी ती ढवळ्याच्या कपाळावर हात ठेवते, असं काहीसं होतं. म्हणून मी हसले, आणि हसणं ओसरलं तसा राग चढत गेला. एका विज्ञान मास्तरानं मला हसवावं, तेही माझ्यावरच? सहाशे एकेचाळिसाव्या पानावर टोपण काढलं आणि पहिला शेरा लिहिला: 'बैलाच्या गळ्यात पदक कोठून आले?' मला माहीत होतं कोठून आलं. मी आत्ताच वाचलं होतं.

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तपासलेल्या प्रत्येक पानावर परीक्षकाची खूण लागते. काही नसेल तरी एक तिरकी रेघ. खूण नाही म्हणजे पान बघितलंच नाही. मी बोर्डाच्या कामात नियामक होते, म्हणजे इतरांनी तपासलेलं पुन्हा तपासणारी, आणि खूण न केलेल्या एका पानासाठी मी बायांना सगळ्यांदेखत रडवलंय. "वाचायचा कंटाळा होता तर गठ्ठा घेतला कशाला?" हे माझं वाक्य होतं. आडे सर त्या वेळी विज्ञानाचे पेपर घेऊन शेजारच्या टेबलावर बसलेले असायचे. त्यांनी ते दहा वेळा ऐकलं होतं.

हसण्याला लाल पेनात खूण नाही. बरोबरची आहे, चुकीची आहे, हसण्याची नाही. पण एक तिरकी रेघ मारता आली असती, तीही मी मारली नाही.

शेवटच्या पानावर गुण दिले. शंभरपैकी चौतीस. जे शिक्षक नाहीत त्यांना यातलं विष कळायचं नाही. पस्तिसाला पास होतात, आणि चौतीस कोणी देत नाही. चौतीस दिसले की परीक्षक पुन्हा पहिल्या पानावर जातो, कुठंतरी एक गुण शोधतो, अगदीच नाही सापडला तर अक्षराला देतो. चौतीस लिहिणारा माणूस सांगत असतो, मी शोधलं नाही आणि मला शोधायचं नव्हतं. वह्या परत घेताना आडे सरांनी शेवटचं पान उघडून बघितलं. अठ्ठाविसाव्या पानाची माझी शंका त्यांच्या नजरेला पडली असावी, कारण सायकलवर वह्या बांधता बांधता म्हणाले, "खाली जागा उरली नव्हती जी, म्हणून गेला तांडा वर." मग गेले.

आठ दिवसांनी त्यांचा कागद आला. गुणपडताळणीचा अर्ज करतात ना मुलं, तसा, हातानं आखून, रकाने पाडून. विषय: कादंबरी. मिळालेले गुण: चौतीस. हरकत: 'पान सहाशे बारा ते सहाशे चाळीस यांवर परीक्षकांची खूण नाही. ही पानं न तपासलेली दिसतात. कृपया एकदा वाचावी.' खाली नम्र सही. गंमत होती. पण गमतीच्या खाली जे होतं ते मला दिसत होतं. बाकी हजार पानांवरच्या शिव्या त्यांनी मुकाट गिळल्या होत्या. या एकोणतीस पानांसाठी मात्र दार ठोठावत होते.

मी त्याच कागदावर लाल पेनानं लिहिलं, 'गुणांत बदल नाही.' आणि शिपायाच्या हाती परत पाठवलं.

त्यानंतर आम्ही आठ वर्षं एका शाळेत काम केलं. दर मार्चला ते विचारायचे, "मॅडम, यंदा किती गठ्ठे?" मी आकडा सांगायचे. पळस फुलायचा, गळायचा. त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. माझ्या निरोप समारंभाला ताटात जिलेबी घेऊन शेजारी येऊन बसले. बराच वेळ जिलेबीचं एक वेटोळं मोडत राहिले. मग हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू? त्या परीक्षकांच्या ग्रहापर्यंत पोचल्या होत्या का तुम्ही?"

काय लागत होतं मला? एक शब्द. हो. नोकरी संपलेली, गळ्यात हार, समोर कोणी ऐकत नव्हतं.

"कोणता ग्रह?" मी म्हणाले.

ते म्हणाले, "नाही, सहजच." आणि जिलेबी खाल्ली.

गेल्या दिवाळीनंतर पल्लवी घरी आली. आडे सरांची एकुलती एक, आता यवतमाळात नोकरीला आहे. बापाचंच नाक, बापाचाच मऊ आवाज. वह्या सोबत होत्या. म्हणाली, "मॅडम, मी हे छापून राह्यली. तुमचे लाल शेरे पण छापायचे आहेत, कडेला, लाल शाईतच, वहीच्या पान नंबरसकट. लोकांना मजा येते. तुमची परवानगी पाहिजे."

म्हणजे मी त्या विनोदी कादंबरीतलं सगळ्यात विनोदी पात्र होणार होते. चव्वेचाळिसावं. मी मान ताठ केली आणि म्हणाले, "छापा. लिहिलेलं नाकारत नाही मी."

"फक्त सहाशे बारा ते चाळीस नाहीत," ती म्हणाली. "बाबांनी जाळले ते."

मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं. माझा तो कागद परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबा बंबाजवळ बसले, पानं वहीतून सोडवली आणि पल्लवीच्या हातात दिली. ती तेव्हा दहावीला होती. तिनंच एकेक करून बंबात सारली. बाबा म्हणाले होते, "मॅडमनं बाकी सगळं वाचलं, इतकं रागानं का होईना, पण वाचलं. हे वाचवलं नाही त्यायच्यानं. मग लोकायले काय वाटन?" पाणी तापलं, बाबा आंघोळ करून शाळेत आले.

मला ती सकाळ आठवत नाही. त्या दिवशी ते मला भेटले असतील, नमस्कार म्हणाले असतील.

"इतकी वाईट होती का ती पानं?" पल्लवीनं विचारलं. "तुम्ही चाळली तरी असतील ना?"

"बाकीचीही काही फार चांगली नव्हती," मी म्हणाले. जीभ आहे ती, तिला सवय लागलेली. पल्लवी हसली, तिला हेच अपेक्षित होतं. चहा घेऊन गेली.

ती फाटकाबाहेर जाताच नवरा आतून आला. "त्या दुपारी लोळत होती तू. तोच चोपडा होता तो, मी चष्मा काढून देल्ला होता तुले गठ्ठ्यामागून. त्या पोरीले काहून नाही सांगतलं?"

मी म्हणाले, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

मग महिनाभर मी बसले. फुलस्केप कागद घेतले, निळं पेन घेतलं. ती एकोणतीस पानं वाचलेलं माणूस या पृथ्वीवर मी एकटी आहे. माझी स्मरणशक्ती चांगली, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे रोल नंबर मला आठवतात. तर लिहून काढू. लिहिलं. ग्रह आला, बाई आली, डबा आला, बैल आला. सगळं शुद्ध, सगळं नीटनेटकं, आणि हसू म्हणाल तर कणभर नाही. ते बैलामागं उभे असताना मधे एक वाक्य होतं, त्या वाक्यावर माझा चष्मा पडला होता. ते वाक्य कोणतं? आठवत नाही. आठ पानं लिहून मी वाचून बघितली आणि हात आपोआप समासाकडे गेला. 'विनोद अस्पष्ट.'

शेवटी पल्लवीकडे गेले. पुस्तक छपाईला जायला चार दिवस होते. दारातच सांगून टाकलं, म्हटलं नंतर धीर व्हायचा नाही. ती पानं मी वाचली होती. सगळी. हसून हसून पोट दुखलं होतं. पूर्ण कादंबरीत तीच सगळ्यात चांगली होती, म्हणून खूण राहिली. मी बैलाची गोष्ट सांगितली, डब्याची सांगितली. माझ्या तोंडून ती चौकशी अहवालासारखी निघत होती.

पल्लवीनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "बाबा गेल्यापासून सगळे असंच गोड बोलतात. पण तुम्ही नका बोलू. बाबा म्हणायचे, गवई मॅडम कडू बोलतात पण कधी खोटं लिहीत नाहीत. तेवढं राहू द्या."

मी पाणी प्यायले आणि एसटीनं परत आले.

तर असा हा हंगाम. परवा यवतमाळला काम होतं. आर्णीच्या स्टँडवर बस भरली, शेजारी येऊन बसली ती माझी जुनी विद्यार्थिनी, संगीता. आता उमरखेडला शाळेत मराठी शिकवते. मांडीवर बोर्डाचा गठ्ठा, पहिलंच वर्ष, आणि गठ्ठ्यावर उघडं पुस्तक. मला बघितलं आणि लाजली, मग राहवेना तिला.

"मॅडम, तुमचे शेरे पाठ झाले आम्हाले. 'बैलांना प्राणवायू कोण पुरवतो', हे तं आम्ही स्टाफरूममध्ये येता-जाता म्हणतो." खिडकीबाहेर पळस मागं पळत होता. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. "पण सगळ्यात भारी कुठं आहे, सांगू? सहाशे अकरावर लिहिलंय, 'पुढच्या ग्रहावर परीक्षा आहे.' पान उलटावं तं एकदम सहाशे एकेचाळीस. ग्रहच गायब! अन् बैलाच्या गळ्यात पदक. काही सांगतच नाही कसं आलं ते. काय डोकं होतं जी आडे सरांचं. परीक्षाच उडवून देल्ली."

तिनं ते पान माझ्यापुढं धरलं. कडेला लाल शाईत माझंच अक्षर छापलेलं होतं, 'बैलाच्या गळ्यात पदक कोठून आले?' संगीता त्यावर बोट ठेवून हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "खरं सांगा मॅडम, इथं तरी हसल्या होत्या ना तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. "लोळून हसले होते."

तिनं लगेच विश्वास ठेवला.